फ्लोरिडात शिक्षा भोगून वीस वर्षं झाली, तरी मत देता येईल का हे कुणी सांगेना

निंबोणी (ओर्लँडोजवळ)

जुलैत आमचा एसी बंद पडला. फ्लोरिडात जुलैत एसी बंद पडणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. दुरुस्तीला येणारा माणूस सहा वर्षांपासूनचा ओळखीचा. त्याला टी म्हणते. पन्नाशी ओलांडलेला, कृष्णवर्णीय, गप्पिष्ट. फ्रिजवर मी नोव्हेंबरातलं ‘मी मत दिलं’वालं स्टिकर अजून ठेवलंय (गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, पहिलंच मत, कौतुक आहे, हसू नका). ते बघून त्याने विचारलं, तू या देशात कधी आलीस? म्हटलं २००९. तो म्हणाला, माझा जन्म इथून चार मैलांवरचा आणि माझं शेवटचं मत १९९६ सालचं.

१९९९ मध्ये कोकेन विकताना पकडला गेला. चार वर्षं तुरुंग, दोन वर्षं प्रोबेशन. २००५ साली सगळं संपलं. त्यानंतर साधं सिग्नल तोडल्याचं चलानही नाही. २०१८ मध्ये राज्यघटना बदलून अशा लोकांना मताचा हक्क परत मिळाला, म्हणून याने आनंदाने चौकशी केली. तर कळलं, कोर्टाचे पैसे बाकी असतील तर हक्क नाही. किती बाकी? क्लर्क ऑफ कोर्टच्या वेबसाइटवर ८१२ डॉलर. वसुली कंपनीच्या पत्रात १,३४०. त्याच्याकडच्या निकालपत्राच्या झेरॉक्सवर तो आकडा घडीवर आल्यामुळे पुसलेला.

नोंदणीच्या फॉर्मवर सही करायची ती या वाक्याखाली: मला फेलनीची (म्हणजे गंभीर गुन्ह्याची) शिक्षा झालेली नाही, किंवा झाली असल्यास माझा मताधिकार परत मिळालेला आहे. खोटं ठरलं तर तोच नवा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. मला विचारतोय, सही करू का? मी काय सांगू? इथे कुणाला अनुभव आहे का?

खडूस_काका (नागपूर)

कोकेन विकताना मतदान आठवलं नव्हतं का? कायदा आहे, पाळावा. धाग्याची जिलबी होणार, आत्ताच सांगून ठेवतो.

शेवग्याची_शेंग

काकांचा पहिला प्रतिसाद पडला म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी पोहे करून बसते.

टर्नपाइक (न्यू जर्सी)

निंबोणीताई, आधी एकच सांगतो: सही करू देऊ नका. निदान आत्ता तरी. कारण खाली लिहितो, जरा लांबेल.

फ्लोरिडात फेलनी झाली की मताधिकार जाणार, हे १८६८ च्या राज्यघटनेपासूनचं. साल बघा. गुलामगिरी नुकतीच संपलेली, काळ्या पुरुषांना मताचा हक्क द्यावा लागणार हे स्पष्ट झालेलं. हक्क परत हवा तर गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळापुढे अर्ज करायचा. हे क्षमादान मंडळ वर्षातून चार वेळा बसायचं. रिक स्कॉट गव्हर्नर झाल्यावर २०११ मध्ये नियम आणखी कडक झाला, शिक्षा संपल्यावर पाच ते सात वर्षं थांबा, मग अर्ज. निकष असा काही नाहीच, मंडळाला वाटेल तसं. २०१६ च्या सुमारास फ्लोरिडातल्या पाच काळ्या प्रौढांमागे एकाला मत नव्हतं. आणि २००० साली बुश याच राज्यात ५३७ मतांनी जिंकले होते, हेही लक्षात असू द्या.

डेस्मंड मीड नावाचे गृहस्थ आहेत, स्वतः तुरुंगात जाऊन आलेले, काही काळ बेघर, मग कायद्याची पदवी घेतली. त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी सह्या गोळा करून २०१८ साली चौथी घटनादुरुस्ती मतदानाला आणली. ६० टक्के लागतात, साडेचौसष्ट मिळाली. त्या दिवशी गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या डिसँटिसना चाळीस लाखांच्या आसपास मतं, दुरुस्तीला एकावन्न लाख. म्हणजे दोन्ही पक्षांच्या माणसांनी दिलेली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळलेले. अंदाज असा होता की चौदा लाख लोकांना फायदा होईल.

दुरुस्तीत शब्द होते, शिक्षेच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्यावर. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की ‘सगळ्या’ म्हणजे दंड, कोर्टाचा खर्च आणि नुकसानभरपाईसुद्धा. तिथे चाक रुतलं.

खडूस_काका (नागपूर)

बरोबरच आहे की! दंड हा शिक्षेचाच भाग. आमच्याकडे वीजबिल थकलं तर मीटर कापतात.

शेवग्याची_शेंग

काका, पण महावितरण निदान बिल तरी पाठवतं हो. कितीही चुकीचं असलं तरी एकच आकडा असतो.

टर्नपाइक (न्यू जर्सी)

शेंगताई, एका वाक्यात खटला संपवलात. कोर्टात नेमकं हेच निघालं. न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांच्यापुढे २०२० मध्ये सुनावणी झाली. एका प्राध्यापकाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांना घेऊन, फेलनीची शिक्षा झालेली कुठलीही १५३ माणसं निवडून, प्रत्येकाचं किती देणं आहे ते शोधायचा प्रयत्न केला. तिघं सोडून बाकी सगळ्यांच्या नोंदींत कुठे ना कुठे विसंगती. विद्यापीठातल्या लोकांना जमेना, ते एसीवाल्याला कसं जमायचं? हिंकल यांनी हा कायदा म्हणजे पैसे भरा आणि मत द्या असा प्रकार आहे म्हणून बराचसा रद्द केला. सप्टेंबर २०२० मध्ये वरच्या कोर्टाने सहा विरुद्ध चार असा तो निकाल फिरवला. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक. अब्जाधीश ब्लूमबर्ग वगैरेंनी लोकांचे दंड भरायला दीड कोटी डॉलरच्या वर गोळा केले, ते काहींच्या कामी आले.

आणि सही का नको म्हणालो ते. ऑगस्ट २०२२ मध्ये डिसँटिस यांनी वीस जणांना अटक केल्याची घोषणा केली, २०२० मध्ये बेकायदा मत दिलं म्हणून. त्यांचे गुन्हे वगळलेल्या प्रकारातले होते, हे खरं. पण बऱ्याच जणांकडे सरकारी निवडणूक कचेरीनेच पाठवलेलं मतदार कार्ड होतं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत नंतर बाहेर आली. माणसाला बेड्या घालताहेत आणि तो विचारतोय, मला मत देता येत नव्हतं तर देऊ कसं दिलंत?

बेळगावचा_बंड्या

भारतात बरं आहे, एकदा शिक्षा झाली की मत कायमचं जातं, भानगडच नाही.

सातारी_वकील

बंड्या, साफ चूक. उलट आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५): तुरुंगात असलेल्या किंवा पोलिसांच्या कोठडीत असलेल्या माणसाला मत देता येत नाही. बस, एवढंच. बाहेर आलात की त्याच दिवशी मत द्या, शिक्षा दोन वर्षांची झालेली असो की जन्मठेप. जामिनावर असाल तरी चालतं. दंड थकलाय का, कुणी विचारत नाही. अपवाद निवडणुकीतल्याच लाचखोरीसारख्या गुन्ह्यांचा. त्यात शिक्षा झाली तर कलम ११-अ खाली सहा वर्षं मत जातं. तू म्हणतोस ते निवडणूक *लढवण्याबद्दल* असेल. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं उभं राहता येत नाही.

पण आपलीही गंमत बघा. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतले सोडले तर तुरुंगातल्या सगळ्यांनाच मत नाही, म्हणजे ज्याचा खटला अजून सुरूही झाला नाही त्यालाही नाही. देशातल्या कैद्यांत २०२२ च्या आकडेवारीत पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात हे वैध ठरवलं. तेच न्यायाधीन बंदी निवडणूक लढवू मात्र शकतात! त्यासाठी २०१३ मध्ये संसदेने घाईने दुरुस्ती केली. १९७७ ला जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूर जिंकले, २०२४ ला इंजिनियर रशीद तिहारमधून बारामुल्ला. लाखो मतं मिळवू शकता, स्वतःचं एक देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०२२, राज्यसभा. नवाब मलिक आणि अनिल देशमुख कोठडीत, आमदार म्हणून मत द्यायला सोडा म्हणून अर्ज केले, कलम ६२(५) आडवं आलं. विधान परिषदेलाही तेच.

खडूस_काका (नागपूर)

तेव्हा रात्री तीनपर्यंत जागून निकाल बघितला होता. एकेका मताला काय भाव होता!

कोठीवाले (निवृत्त)

मी तुरुंग खात्यात कारकून होतो, आता पेन्शनीत. वकीलसाहेब म्हणतात ते आम्ही रोज बघायचो. पक्के कैदी मतदानाच्या दिवशी शांत असतात. आपली शिक्षा आहे, मत नाही, हे त्यांनी स्वीकारलेलं असतं. कच्चे कैदी अस्वस्थ. २००९ च्या विधानसभेला एक पोरगा मुलाखतीच्या खिडकीवरून परत येताना मला म्हणाला, साहेब, आपल्या बरॅकीत पेटी कधी येते? त्याला वाटलं शाळेत येते तशी इथेही येत असेल. नाही येत म्हटल्यावर म्हणाला, पण मला तर अजून कोर्टाने काहीच म्हटलेलं नाही. मी काय बोलणार. पुढे निर्दोष सुटला. तोवर लोकसभाही होऊन गेली होती.

अमेरिकेत कच्च्या कैद्याला काय नियम आहे?

टर्नपाइक (न्यू जर्सी)

कोठीवाले, इथे कायद्याने कच्च्या कैद्याला मत आहे. दोषी ठरलेला नसेल तर हक्क जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच तसं सांगितलंय. टपाली मतपत्रिका कोठडीत हातात पडते का, हा वेगळा प्रश्न. म्हणजे दोन्ही देशांनी एकमेकांच्या बरोबर उलट जागी दार लावलंय. भारतात आत असेपर्यंत जवळजवळ कुणालाच नाही, बाहेर आल्यावर सगळ्यांना. फ्लोरिडात निकालाआधी आत असलात तरी आहे, निकालानंतर बाहेर आलात तरी नाही.

अमेरिकेतही पन्नास राज्यांचे पन्नास प्रकार. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातूनही मत देतात. आमच्या न्यू जर्सीत २०२० पासून फक्त आत असेपर्यंत बंदी.

सावनी (अटलांटा)

मला या धाग्यावर सगळे एकाच बाजूने बोलतायत असं वाटतंय म्हणून लिहिते.

नवऱ्याच्या दवाखान्यात हिशेब बघणाऱ्या बाईने चार वर्षांत मोठी रक्कम उचलली. आमच्या मुलीच्या कॉलेजचे पैसे होते ते. शिक्षा झाली, भरपाईचा आदेश झाला. महिन्याला पन्नास डॉलर येतात, येतात तेव्हा. या गतीने मी शंभर वर्षांची होईन. तिने माझे पैसे न देता रांगेत उभं राहून मत द्यावं आणि स्टिकर लावून फिरावं, हे मला पचत नाही. पचत नाही म्हणजे नाही.

पण निंबोणी, तुझ्या टीचे ८१२ डॉलर कुणाचे आहेत? त्याने ज्याला लुटलं अशी कुणी व्यक्ती आहे का? ते जर कोर्टाच्या फाइलचे, स्टँपचे, प्रोबेशन ऑफिसरच्या पगाराचे असतील तर ते माझ्या पन्नास डॉलरांच्या पंक्तीत बसवू नका. नुकसानभरपाई वेगळी आणि सरकारी फी वेगळी. कायद्याने दोन्ही एका पोत्यात घातलंय, आणि त्यामुळे माझी बाजूही हास्यास्पद ठरते.

निंबोणी (ओर्लँडोजवळ)

सावनी, मनापासून लिहिलंस. भरपाई नाहीच आहे त्याच्या केसमध्ये. सगळी फी आणि कोर्टखर्च. १,३४० चा आकडा फुगलाय तो व्याजामुळे आणि वसुली कंपनीच्या कमिशनमुळे. कमिशन चाळीस टक्क्यांपर्यंत लावू देतो म्हणे इथला कायदा.

बेळगावचा_बंड्या

वकीलसाहेब, चूक कबूल. पण एक सांगा, ट्रम्प तात्यांनी मत कसं दिलं? तेही फ्लोरिडाचेच आणि चौतीस फेलनी!

शेवग्याची_शेंग

आला, आला, मुद्दा आला. पोह्यांवर शेव.

टर्नपाइक (न्यू जर्सी)

बंड्याचा प्रश्न थट्टेचा नाही. दुसऱ्या राज्यात दोषी ठरलात तर फ्लोरिडा त्या राज्याचा नियम लावतं. न्यूयॉर्कचा नियम २०२१ पासून असा की प्रत्यक्ष तुरुंगात असाल तेवढाच काळ मत नाही. ते तुरुंगात नव्हते, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये पाम बीचला जाऊन मत दिलं. कायदेशीर. टीने कोकेन न्यूयॉर्कमध्ये विकलं असतं तर तोही त्या दिवशी रांगेत असता.

बेळगावचा_बंड्या

म्हणजे गुन्हा करताना राज्य बघून करावा! आणि तात्यांना...

संपादक

पक्षीय राजकारणावरचे सात उपप्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा. इथे विषयावर या.

रिचमंडची_राधा

व्हर्जिनियाचं ऐका. इथे हक्क परत द्यायचा तर गव्हर्नरच देऊ शकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे गव्हर्नर मॅकऑलिफ यांनी एका फटक्यात दोन लाखांहून जास्त लोकांना हक्क परत दिला. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्याच आठवड्यात नोंदणी केली. जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, असा घाऊक आदेश चालत नाही, एकेकाचा बघा. आजोबांचं नाव कमी. मग गव्हर्नरने काय करावं? एकेकाचे आदेश काढले, सह्या यंत्राने. आजोबांना पुन्हा पत्र आलं. ते त्यांनी फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलंय, मी बघितलंय.

पुढे २०२३ मध्ये कळलं की तेव्हाच्या गव्हर्नरांनी ती पद्धत बंद केली. मग ज्याने त्याने अर्ज करायचा, आणि निकष काय ते गुलदस्त्यात. आजोबा २०१६ ऐवजी तेव्हा सुटले असते तर? खुर्चीत माणूस कोण आहे त्यावर हक्क.

भटक्या_सोलापूर

वाचतोय बऱ्याच वेळापासून. आमच्या आजोबांचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, तारेच्या आतला. त्यांनी गुन्हा काही केला नव्हता, पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातच गुन्हेगार. हजेरी द्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो. पण पोलीस ठाण्याच्या हद्दीत चोरी झाली की आधी आमच्याच वस्तीवर गाडी. तुलना पूर्ण जुळत नाही हे मला कळतं. टीने गुन्हा केला होता, आजोबांनी नव्हता. तरी शिक्षा संपल्याचा कागद कुणीच देत नाही, हे वाचून आजोबा आठवले.

खडूस_काका (नागपूर)

भटक्या, तुमचं वेगळं, त्याबद्दल वाद नाही.

पण मुद्दा सोडत नाही. मेनसारखं तुरुंगातल्यांना मत दिलं तर काय होईल? एखाद्या लहान गावात दोन हजार कैद्यांचा तुरुंग. उद्या कैदीच मिळून तिथला नगराध्यक्ष निवडतील. जेलरची बदली ठरावाने!

कोठीवाले (निवृत्त)

काका, जेलरच्या बदलीसाठी कैद्यांइतकाच स्टाफही मतदान करेल.

टर्नपाइक (न्यू जर्सी)

काका, मेन आणि व्हरमाँटचे कैदी आपल्या मूळ घरच्या पत्त्यावरून टपालाने मत देतात, तुरुंगाच्या गावात नाही. पण तुमच्या शंकेची उलटी बाजू ऐका. जनगणनेत कैद्याचं डोकं तुरुंगाच्याच गावात मोजतात. त्यावरून मतदारसंघ आखतात. काही राज्यांनी हे बदललंय, फ्लोरिडा त्यात नाही. म्हणजे दोन हजार कैद्यांमुळे त्या लहान गावाचं वजन वाढतं आणि त्या दोन हजारांत मत एकाचंही नाही.

खडूस_काका (नागपूर)

हे मात्र चमत्कारिक आहे.

(सहमत झालो असं कुणी समजू नये.)

शेवग्याची_शेंग

स्क्रीनशॉट काढला.

सातारी_वकील

निंबोणीताई, मूळ प्रश्न राहिलाच. मी अमेरिकेचा वकील नाही, पण टर्नपाइक यांनी दिलेल्या दुव्यांवरून कायदा वाचला. दोन गोष्टी दिसतात. एक, निकालपत्रात *त्या दिवशी* लिहिलेली रक्कमच धरायची, नंतर चढलेलं व्याज नि कमिशन नाही. म्हणजे १,३४० विसरा. झेरॉक्स सोडा, निकालपत्राची मूळ प्रमाणित प्रत काढा. दोन, राज्याच्या निवडणूक विभागाकडे लेखी मत मागता येतं. ते हातात असल्याशिवाय सही नको. शिवाय बाकी निघालीच तर न्यायाधीश ती माफ करू शकतो किंवा समाजसेवेच्या तासांत बदलून देऊ शकतो.

निंबोणी (ओर्लँडोजवळ)

तीन आठवड्यांनी परत आले, सगळ्यांची माफी.

वकीलसाहेबांचा प्रतिसाद टीला भाषांतर करून वाचून दाखवला. मग एका मंगळवारी त्याच्याबरोबर क्लर्कच्या ऑफिसात गेले. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण १९९९ ची फाइल मायक्रोफिल्मवर, दुसऱ्या इमारतीत. प्रमाणित प्रत परवा आली. त्यावर आकडा ३०८ डॉलर! ८१२ कुठून आले ते त्या मुलीलाही सांगता आलं नाही. आता टी म्हणतो, प्रोबेशनवर असताना दर महिन्याला काहीतरी भरत होतो, तीनशे नक्की झाले असतील. पावत्या? २००४ च्या चक्रीवादळात आईच्या घराचं छप्पर गेलं, त्यात गेल्या.

लेखी मत मागणारं पत्र पाठवलंय. मी म्हटलं, ३०८ पुन्हा भरून टाकू, मी देते, विषय संपेल. तो नाही म्हणाला. एकदा भरलेले पैसे पुन्हा भरले तर आधी भरले नव्हते असं कबूल केल्यासारखं होईल. यावर मला उत्तर सुचलं नाही. काकांना सुचलं तर सांगा.

खडूस_काका (नागपूर)

नाही सुचत. पण एसी चालू झाला का, ते कुणीच विचारलं नाही.

निंबोणी (ओर्लँडोजवळ)

झाला की काका, त्याच दिवशी. कपॅसिटर गेला होता. मी मागितली नव्हती तरी पावती दिली, दोन प्रतींत. म्हणाला, एक हरवली तर दुसरी असू दे.